अद्भुताची भूक आणि आपला विवेक

एका पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला चर्चच्या पायऱ्यांवर भेटल्या. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा बोरिवली स्थानकाच्या ओल्या जिन्यावरून घसरला होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर चढले होते आणि डॉक्टरांनी त्याला अडीच महिने अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले होते. एवढे सांगून त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, पायाची काळजी नाही, तो बरा होईल. पण पोरगा दिवसभर ती तलवारीची आणि जादूगारांची पुस्तकं वाचत पडतो. त्याच्या मामानं दुबईहून पिशवीभर आणून दिलीत. नुसती चित्रं पाहिली तरी अंगावर काटा येतो. त्यात कुठं देवाचं नाव नाही, प्रार्थना नाही. हे पाप तर नाही ना?"

रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात आम्ही बरीच वर्षे शिकवीत आलो आहोत, त्यामुळे असे प्रश्न आमच्याकडे येतात. आणि प्रश्न पुरता ऐकण्यापूर्वीच उत्तर तयार ठेवण्याची वाईट खोडही आम्हाला त्यातूनच जडली आहे. याही वेळी उत्तर तयार होते. मोडलेला पाय, अंथरूण आणि तलवारीची पुस्तके म्हटल्यावर संत इग्नेशियस लोयोलांची आठवण कोणाला होणार नाही? त्याच संध्याकाळी संतचरित्रांचे एक पुस्तक काखेत मारून आम्ही त्या घरी गेलो.

मुलाच्या उशाशी बसून आम्ही त्याला ती गोष्ट सांगितली. 1521 सालच्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. तो लोयोलाच्या आपल्या वाड्यात महिनोन्महिने पडून राहिला. वेळ जाईना म्हणून त्याने सरदार-शिलेदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या, कारण त्या वाचण्याची त्याला फार आवड होती. पण वाड्यात त्या नव्हत्या. होते ते सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा एक संग्रह. नाइलाजाने त्याने ते वाचले, आणि एका शिपायाचा संत झाला. "पाहिलंस?" आम्ही समारोप केला, "वाईट पुस्तकं मिळाली नाहीत, चांगली मिळाली, म्हणून येशूसंघ जन्माला आला."

मुलाने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "सर, पण त्यांनी तलवारीची पुस्तकं आधी वाचलीच नसती, तर संतांची पुस्तकं वाचून त्यांना तसं काही करावंसं वाटलं असतं का?"

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि चहा घेऊन घरी परतलो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला, आणि पुढे कित्येक दिवस त्याने आमची पाठ सोडली नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला आम्ही दिलेले उशिराचे उत्तर आहे.

संताने स्वतः सांगितलेली आपली जीवनकथा आम्ही पुन्हा उघडली, तेव्हा ध्यानात आले की, गोष्ट आम्ही अर्धीच सांगितली होती. इग्नेशियस आजारपणात एकाच प्रकारची स्वप्ने पाहत नव्हता. कधी तो एका थोर घराण्यातील स्त्रीच्या सेवेत आपण कोणते पराक्रम करू, या विचारात दोन-दोन, तीन-तीन, चार-चार तास बुडून जाई; तर कधी संत फ्रान्सिसने जे केले, संत डॉमिनिकने जे केले, ते मीही का करू नये, असे त्याच्या मनात येई. दोन्ही स्वप्ने पाहताना त्याला सारखीच गोडी वाटे. फरक पडे तो नंतर. पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे आणि असमाधानी होई. दुसरे ओसरल्यावरही आनंद मागे राही. हा फरक एके दिवशी त्याच्या लक्षात आला, आणि आत्म्याच्या प्रेरणा पारखण्याची जी विद्या त्याने पुढे जगाला दिली, तिचा उगम या निरीक्षणात आहे. म्हणजे पुस्तक चांगले की वाईट हे त्याला कोणी बाहेरून सांगितले नाही. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरते, हे तो पाहायला शिकला.

आणखी एक गोष्ट आम्ही गाळली होती. बरा झाल्यावर इग्नेशियस मॉन्सेरातच्या पवित्र मरियेच्या मंदिरात गेला आणि 1522 सालच्या 24 मार्चची संपूर्ण रात्र त्याने तिच्या वेदीसमोर कधी उभे राहून, कधी गुडघे टेकून जागून काढली. आपली तलवार आणि खंजीर त्याने तेथेच ठेवले. ही शस्त्रजागरणाची कल्पना त्याला कोठून सुचली? त्याच्या आत्मकथनातच त्याचे उत्तर आहे: त्याचे डोके 'आमादिस दे गाउला' आणि तशाच इतर कादंबऱ्यांनी भरलेले होते. नवा शिलेदार दीक्षेच्या आदल्या रात्री शस्त्रांजवळ जागतो, हे त्याने त्या पुस्तकांत वाचले होते. देवाने त्याच्या डोक्यातील ती जुनी अडगळ बाहेर फेकून दिली नाही. तिच्यातीलच एक फळी घेऊन त्याच्यासाठी वेदीची पायरी केली. त्या मुलाने हे कोठे वाचले नव्हते, पण त्याला ते आमच्याआधी उमगले होते.

अद्भुताची ही भूक आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात नवी नाही. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली प्रसिद्ध झाले, हे आपण शाळेत शिकतो. ते का लिहिले गेले, याची हकीकत मात्र ग्रंथाच्या आरंभीच आहे, आणि ती आपण सहसा वाचत नाही. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरांना नम्रपणे विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत तसेच काही तुम्ही आम्हाला का देत नाही? प्रश्नोत्तराच्या पुस्तिका त्या लोकांकडे होत्या. धर्माची तत्त्वे त्यांना पाठ होती. तरी त्यांना कथा हवी होती: जिच्यात सृष्टी निर्माण होते, सर्प बोलतो, समुद्र दुभंगतो, असुरासारख्या सैतानाशी युद्ध होते, अशी ऐकता ऐकता रात्र सरणारी कथा.

फादर स्टीफन्सनी त्या माणसाला 'कथेची हाव धरू नकोस' असा उपदेश केला नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. माणसाला भाकरी लागते तशीच कथाही लागते, आणि जुनी भाकरी काढून घेणाऱ्याने नवी वाढलीच पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आपल्या घरात आपण नेमके उलटे करतो. मुलाच्या हातचे पुस्तक काढून घेतो आणि त्याच्या रिकाम्या हातावर सूचना ठेवतो.

मराठी कादंबरीच्या इतिहासातही ही भूक पहिल्यापासून दिसते. 1857 साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले. एका ख्रिस्ती लेखकाने विधवांच्या दुःखावर लिहिलेले हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. पण पुढची काही वर्षे वाचक त्या वाटेने गेले नाहीत. 1861 साली हळबे यांची 'मुक्तामाला' आली, 1868 साली रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि राजकन्या, कपटी प्रधान, गुप्त भुयारे व अकल्पित सुटका यांचे राज्य सुरू झाले. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत स्पष्टच म्हटले आहे की, आपल्या लोकांच्या विवाहादी चालीरीतींमुळे त्यांच्या आयुष्यात नवलाचे असे काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. समीक्षकांनी या विधानाची पुष्कळ थट्टा केली. आम्हाला मात्र त्यात एक उदास सत्य दिसते. ज्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते, त्यांना दार उघडण्याची गोष्ट ऐकावीशी वाटते.

या परंपरेतील एका लेखकाचे चरित्र आम्ही त्या दिवसांत वारंवार आठवले. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे आपले नाथमाधव. तरुणपणी सिंहगडाच्या कड्यावरून ते पडले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे अधू झाले. त्यानंतर या माणसाने लेखणी हाती घेतली. 1913 साली त्यांची 'वीरधवल' आली. वीर, मायावी शत्रू, संकटामागून संकट आणि साहसामागून साहस यांनी ती भरलेली आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतील मुलांनी ती चोरून, उशीखाली दडवून वाचली. ज्यांना स्वतः चालता येत नव्हते, त्यांनी हजारो मुलांना घोड्यावर बसवले. नाथमाधव 1928 साली वारले. त्यांच्या पुस्तकांना 'पलायनवादी' म्हणणाऱ्याने त्या अंथरुणाकडे एकदा पाहावे.

पलायनाचा आरोप जगभर अशा साहित्यावर होत आला आहे. त्याला उत्तर एका कॅथलिक प्राध्यापकाने दिले. जे. आर. आर. टोल्किन यांचे बालपण पाहिले तर ते उत्तर पुस्तकी नव्हते हे कळते. विधवा आईने 1900 साली कॅथलिक धर्म स्वीकारला म्हणून नातलगांनी तिची मदत थांबवली. 1904 साली ती वारली तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. बर्मिंगहॅमच्या एका धर्मगुरूंनी त्याचे पालकत्व केले. 1916 साली सोमच्या रणांगणावरील खंदक त्याने पाहिले, आणि त्या युद्धात जिवाभावाचे मित्र गमावले. पुढे 1939 साली परीकथांवर व्याख्यान देताना त्यांनी म्हटले त्याचा आशय असा: तुरुंगातील कैदी घराचा विचार करतो आणि रणातील शिपाई पळून जातो, या दोन गोष्टींना लोक एकच नाव देतात, आणि कैद्याला पळपुट्याची शिक्षा देतात.

आपल्या उपनगरांत राहणाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळची बोरिवली लोकल, घाटकोपरच्या पुलावरील रेटारेटी, अंधेरीला उतरता न आल्यामुळे पुढच्या स्थानकावरून मागे येणारी माणसे, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पुस्तक वाचणारा एखादा तरुण आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. रद्दीच्या दुकानातून विकत घेतलेले, मुखपृष्ठ फाटलेले ते पुस्तक. तो कामावरून पळालेला नाही. तो कामावरच निघाला आहे. कैदी आपल्या कोठडीत बसून घराचा विचार करीत असेल, तर त्याला दोष कोणी द्यावा?

येथवर आम्ही वकिलाची बाजू मांडली. पण प्रामाणिक माणसाने विरुद्ध बाजूचे साक्षीदारही तपासले पाहिजेत, आणि त्यातील एक साक्षीदार फार मोठा आहे. आविलाची संत तेरेजा लहानपणी अशाच शिलेदारी कादंबऱ्या वाचत असे. आईला त्यांचा नाद होता, वडिलांना त्या आवडत नसत. मुलगी वडिलांपासून लपवून दिवसरात्र कित्येक तास वाची, आणि नवे पुस्तक हाती नसले तर तिला चैन पडत नसे. या वाचनाने आपली हानी केली, असे तिने आत्मचरित्रात स्वच्छ लिहून ठेवले आहे. तिची साक्ष बाजूला सारण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र त्याच पुस्तकात तिने हेही सांगितले आहे की, त्याच्याही आधी, सुमारे सात वर्षांची असताना संतांच्या हौतात्म्याच्या कथा वाचून ती आणि तिचा भाऊ मूरांच्या देशात जाऊन मान कापून घ्यायला घरातून निघाले होते! म्हणजे संतचरित्रांनीही मुलांना उंबरठ्याबाहेर काढले होते. पुस्तक कोणतेही असो, मूल ते एकटेच वाचत असेल तर त्याचे काय होईल याची हमी मुखपृष्ठ देत नाही. तेरेजाच्या साक्षीतील सर्वांत दुःखद शब्द आम्हाला 'कादंबरी' हा वाटत नाही. 'लपवून' हा वाटतो.

दुसरा साक्षीदार पुन्हा इग्नेशियसच आहे. मॉन्सेरातच्या वाटेवर त्याची एका मूर प्रवाशाशी गाठ पडली. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी दोघांचा वाद झाला, आणि तो मूर पुढे निघून गेल्यावर इग्नेशियसच्या मनात आले की, आपल्या स्वामिनीचा अपमान झाला, त्याला गाठून खंजिराने भोसकावे. काय करावे ते ठरेना, तेव्हा त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर मूराच्या गावाच्या वाटेने गेले तर वार करायचा, हमरस्त्याने गेले तर सोडून द्यायचे. खेचर हमरस्त्याने गेले. एका निष्पाप माणसाचा जीव आणि एका भावी संताचा आत्मा त्या दिवशी एका मुक्या जनावराने वाचवला! तलवारीच्या कथांनी त्याला निष्ठा शिकवली होती, पण शत्रू म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते तोही माणूस असतो, हे शिकवले नव्हते.

या साहित्याचा खरा दोष आम्हाला येथे दिसतो. तलवार आणि जादू यांच्या ज्या कथांना 1961 साली फ्रित्झ लायबर या लेखकाने त्याच जोडशब्दांचे नाव दिले, त्यांचा आद्य पुरुष म्हणजे टेक्सासचा रॉबर्ट हॉवर्ड. त्याचा रानटी वीर कॉनन 1932 सालच्या डिसेंबरात एका स्वस्त मासिकातून अवतरला. मामाच्या पिशवीत त्याची तीन पुस्तके होती. मुलाकडून मागून घेऊन आम्ही दोन वाचली. वाचताना हातचे खाली ठेववेना, हे कबूल केले पाहिजे. कॉनन भित्रा नाही, ढोंगी नाही, आणि ज्याने विश्वास टाकला त्याला तो सहसा दगा देत नाही. अडीच महिने छताकडे पाहत पडलेल्या मुलाला या धिटाईचा आधार वाटला असेल तर नवल नाही. पण त्या पानांत माणसे गवतासारखी कापली जातात आणि त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. आणि आणखी एक गोष्ट मनाला बोचते: त्या कथांतील क्रूर, कपटी, नरबळी देणारे लोक पुष्कळदा काळ्या-सावळ्या वर्णाचे किंवा पूर्वेकडील देशांचे असतात. बोरिवलीतील सावळा मुलगा गोऱ्या वीराबरोबर तलवार उपसून ज्या चेहऱ्यांवर तुटून पडतो, ते चेहरे त्याच्या आजोबांच्या चेहऱ्यासारखे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे परक्यांचेच पाप आहे असे नाही. आपल्या जुन्या कथांतील राक्षसाचा रंग कोणता, आणि तो रंग कोणत्या वस्तीतील माणसांचा, हेही आपण कधी विचारीत नाही.

हॉवर्डविषयी राग धरावा असे मात्र वाटत नाही. 1936 साली, आई मरणशय्येवर असताना, तिच्या वाचण्याची आशा उरली नाही हे ऐकून त्याने स्वतःचा अंत करून घेतला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. कशालाही न डरणारा वीर निर्माण करणाऱ्या त्या माणसाला रडण्यासाठी एक खांदा मिळाला नाही. त्याच्या कथांत जे नाही तेच त्याला हवे होते, असे आम्हाला वाटून गेले. त्याच्यासाठी आम्ही एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हटले.

राहिला जादूचा प्रश्न, ज्याची त्या आईला सर्वांत अधिक धास्ती होती. ख्रिस्तसभा जादूटोण्याचा निषेध करते आणि तो योग्यच आहे. पण निषेध कशाचा, हे नीट पाहावे. मंत्राने दिवा लागतो किंवा झाड बोलते, अशी गोष्ट ऐकणे हे पाप असते तर बलामाच्या गाढवीची गोष्ट आपण बायबलमधून वाचली नसती. जादूटोण्यातील पाप म्हणजे देवाला बाजूला सारून, दुसऱ्याच्या इच्छेला आपल्या मुठीत धरण्याची हाव. ती हाव पुस्तकांपेक्षा आपल्या इमारतींतच जास्त आढळते. रविवारी मिस्साला येऊन सोमवारी कोणा भगताकडे लिंबू उतरवायला जाणारे आपल्यात नाहीत काय? नोव्हेनाची प्रार्थना सुद्धा, नऊ वेळा म्हटली की देवाने काम केलेच पाहिजे, अशा हिशेबाने म्हणणारे नाहीत काय? आम्ही स्वतः कधीकधी तशीच म्हटली आहे.

टोल्किन यांची 1954-55 साली प्रसिद्ध झालेली मुद्रिकेची महाकथा, जी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे, ती या हावेचीच कथा आहे. जी अंगठी घातल्याने सर्वांवर सत्ता चालते, ती अंगठी वापरून चांगले काम करावे असा मोह प्रत्येक सज्जनाला होतो, आणि जे खरोखर शहाणे आहेत ते तिला हात लावायला नकार देतात. शेवटी ती आगीत टाकण्याची वेळ येते तेव्हा कथेचा लहानखुरा नायकही हरतो. त्याच्याने ती टाकवत नाही. मग जग वाचते कसे? पूर्वी कधीतरी त्याच्या काकाने, आणि पुढे त्याने स्वतः, एका नीच, दयनीय प्राण्याला मारता येत असताना दया दाखवून सोडलेले असते. त्या प्राण्याच्या हातून, त्याला नकळत, ते काम पुरे होते. पराक्रम संपतो तेथे पूर्वी केलेली दया उपयोगी पडते. आपली ही कथा मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे टोल्किन यांनी एका येशूसंघीय मित्राला 1953 साली कळवले होते. आणि तरीही त्या हजारभर पानांत चर्च नाही, क्रूस नाही. त्या आईने पाहिले असते तर तिला तीही देवाचे नाव नसलेलीच वाटली असती. आम्हालाही एके काळी तशीच वाटली होती.

येथे आम्हाला आमचे स्वतःचे एक पाप सांगितले पाहिजे, कारण ते न सांगता हा लेख पुरा करणे लबाडीचे होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलाला याच प्रकारच्या पुस्तकांचे वेड लागले होते. दहावीचे वर्ष होते. एका दुपारी तो शाळेत असताना आम्ही त्याच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, त्यातील सारी पुस्तके पिशवीत भरली आणि रद्दीवाल्याच्या तराजूत घातली. त्यात कोणती पुस्तके होती हे आम्ही पाहिलेसुद्धा नाही. संध्याकाळी मुलाने रिकामी पेटी पाहिली. तो रडला नाही, भांडला नाही. दहावीत त्याला चांगले गुण मिळाले, म्हणून आम्ही बरीच वर्षे त्या दुपारचा उल्लेख अभिमानाने करीत असू. आज तो परदेशी असतो. दर रविवारी दूरध्वनी करतो, प्रकृतीची चौकशी करतो, पैसे पोहोचले का विचारतो. पण आपण काय वाचतो, कशाने आनंदतो, कशाला भितो, यातले एक अक्षर त्याने त्या संध्याकाळनंतर आम्हाला सांगितलेले नाही. दुसऱ्याची इच्छा मुठीत धरण्याविषयी वर आम्ही जे लिहिले, ते लिहिताना ती पत्र्याची पेटी आमच्या डोळ्यांसमोर होती. मुलाच्या भल्यासाठी का होईना, ती अंगठी त्या दुपारी आम्हीच बोटात घातली होती.

मग पालकांनी काय करावे? सर्वच पुस्तके सारखी आहेत, कोणी काहीही वाचावे, असे आम्ही म्हणत नाही. तेरेजाची साक्ष विसरता येत नाही. काही पुस्तके खरोखरच घाणेरडी असतात, ती कोवळ्या मुलाच्या हाती पडू नयेत, आणि तसे ठामपणे सांगणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. पण ते सांगण्याचा अधिकार पुस्तक वाचलेल्यालाच पोहोचतो. मुखपृष्ठावरील राक्षस पाहून निवाडा करायचा तर आपल्या चर्चमधील संत मायकलच्या पुतळ्याचेही काय करायचे? त्याच्याही हातात तलवार आहे आणि पायाखाली सर्प. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील त्या अजगराकडे टक लावूनच तर आपण सगळे लहानपणी लांबलचक प्रवचने पार पाडली.

इग्नेशियसने शोधलेली कसोटी आम्हाला अजूनही सर्वांत भरवशाची वाटते. पुस्तक मिटल्यावर मनात काय उरले, हे मुलाला विचारावे. दरडावून नव्हे, तर त्याच्या पलंगाच्या कडेला बसून, आपणही ते वाचून. वीराने ज्याला मारले त्याला आई असेल का? जादूगाराला एवढी सत्ता कशाला हवी होती? तू त्या जागी असतास तर पळाला असतास का? अशा गप्पांतून मूल जे शिकते ते पुस्तक काढून घेऊन शिकवता येत नाही. आणि वाचून उठलेले मूल आजीला पाणी देते की नाही, धाकट्या बहिणीला हिडीसफिडीस करते की तिला ती गोष्ट रंगवून सांगते, हेही पाहावे. जी कथा वाचकाला घरी परत आणून सोडते, तिच्यात अद्भुत कितीही असो, तिने आपले काम केले असे समजावे.

अडीच महिन्यांनी त्या मुलाचे प्लास्टर निघाले. काठी टेकत तो पहिल्यांदा मिस्साला आला तेव्हा बाहेर पडताना त्याने आम्हाला थांबवले. आम्ही नेऊन दिलेले संतचरित्रांचे पुस्तक त्याने परत केले आणि सांगितले की, त्यातील इग्नेशियसची गोष्ट तीन वेळा वाचली, पण त्यात ते खेचर नाही. ते आपल्याला दुसऱ्या पुस्तकात मिळाले. "खेचर चुकीच्या रस्त्यानं गेलं असतं तर काय झालं असतं, सर?" त्याने विचारले.

या वेळी आमच्याजवळ उत्तर तयार नव्हते. आम्ही त्याला म्हटले, चल, चालता चालता विचार करू. चर्चपासून त्याचे घर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. त्या दिवशी आम्हा दोघांना ते गाठायला पाऊण तास लागला.

त्या रविवारी आमच्या मुलाचा दूरध्वनी आला, तेव्हा प्रकृतीचे बोलणे झाल्यावर आम्ही त्याला विचारले, त्या पेटीत कोणकोणती पुस्तके होती रे? पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने एकेक नाव सांगायला सुरुवात केली. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन ती लिहून घेतली आहेत.